अनिल, दुसरं पात्र कुणाला दिलं ते ऐक

अनिल,

तुझ्या मातीला मी आलो नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. सख्खा दाजी असून एकुलत्या एका मेव्हण्याच्या मातीला नाही. तुझ्या कुंडलात लोक काय बोलले असतील ते मला रहिमतपुरात खाटेवर बसून ऐकू यायचं. तुझा चुलतभाऊ गाडी घेऊन दारात आला होता. तुझी आक्का, सुनंदा, मागच्या सीटवर बसून रडत होती. मी पुढचं दार उघडलं, एक पाय आत ठेवला आणि पुढं काही होईना. हात दाराला चिकटून बसले. चुलतभाऊ बिचारा इंजिन चालू ठेवून समोर बघत राहिला. शेवटी सुनंदाच आतून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आमी जातो." गाडी वळली आणि मी बोळात उभा राहिलो, आंघोळ करून, डोक्याला टोपी घालून.

तू कसा गेलास, बागेत छातीत कळ कधी आली, आधी कुणी पाहिलं, हे येणाऱ्या-जाणाऱ्यानं मला सांगून झालंय. ते मी पुन्हा मांडणार नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय. आणि ते भांडण लॅपटॉपवरच्या, अवकाशातल्या एका खेळातल्या दुसऱ्या पात्रावरून होतं, असं कुणाला सांगितलं तर लोक हसतील. हसू देत. दोन बाप्ये माणसं, एक द्राक्षबागायतदार आणि एक बसून खाणारा, वर्षभर यावर भांडत होती हे खरंच आहे.

बसून खाणारा मी कसा झालो ते तुला माहीत आहे, तरी मला ते तुझ्यासमोर एकदा बोलायचंय. आपण त्यावर कधी बोललोच नाही. मी वडापची जीप चालवायचो, सीटमागं भाडं घेऊन, रहिमतपूर ते कोरेगाव. त्या संध्याकाळी रिकामी जीप घेऊन परत येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीत घुसलो. ट्रॉलीला मागं ना दिवा ना लाल फडकं. सगळा पुढचा भाग माझ्या मांडीवर आला. लोक जमले, कुणीतरी पत्रा कापायचं कटर आणायला पळालं, आणि माझ्या खिशातला फोन वाजला. एकानं तो काढून माझ्या कानाला लावला. तू होतास, औषधाच्या पंपाचं काहीतरी विचारायला फोन केला होतास. झालं ते कळल्यावर तू फोन ठेवला नाहीस. धीर बिर काही दिला नाहीस. "दाजी, तुमी गाडी लय घाण चालवता, मी आक्काला लग्नातच सांगितलं हुतं," इथून सुरू झालास. माझे डोळे मिटायला लागले की तू असं काही बोलायचास की शिवी दिल्याशिवाय मला राहवायचं नाही. माझ्या मिशीवरून बोललास, माझ्या वडिलांच्या धोतरावरून बोललास, लग्नात आम्ही दिलेल्या आहेराची तर तू चिरफाडच केलीस. मधूनच विचारायचास, "मग, हाय का अजून?" आणि मी म्हणायचो, "हाय रं मुडद्या." कटर येईपर्यंत मी तुला शिव्या घालत जिवंत राहिलो. थँक्यू वगैरे आपल्यात कोण म्हणतं, म्हणून ते राहून गेलं. आज म्हणतो.

पाय वाचला. आत सळई बसली, हातात काठी आली. चालता येतं, मारुतीच्या देवळापर्यंत जातो, मंडईत जातो. पण गाडी समोर आली की पाय माघारी फिरतात. जीप, रिक्षा, एसटी, रेल्वे, सगळं सारखंच. आणि रेल्वेचं स्टेशन गावापासून इतकं लांब की तिथं जायलाही आधी वडापमध्येच बसावं लागतं. आयुष्यभर लोकांना दाटीवाटीनं कोंबून नेलं, आणि आता मलाच दार लावलेलं सोसत नाही. डॉक्टर म्हणाले, हळूहळू जाईल. ते गेलं नाही. चार गल्ल्या, एक देऊळ, एक मंडई, आणि खाटेजवळची खिडकी, तिच्यातून स्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. एवढाच माझा मुलूख झाला.

तू हे बघितलंस आणि एके दिवशी तुझा जुना लॅपटॉप खताच्या पिशवीत घालून आलास. मी म्हणालो, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." तू चार्जरची पिन खुपसत म्हणालास, "दाजी, रहिमतपुरातनं भायेर पडता येत न्हाई न्हवं? मग वरनं जाऊ."

वरून म्हणजे थेट अवकाशातून. जगभरची माणसं त्या खेळात आपापली यानं घेऊन फिरतात, दगड फोडून खनिज काढतात, विकतात, एकमेकांना लुटतात. माझं पात्र 'दाजी', तुझं 'बागायतदार'. माझ्यासाठी तू कित्येक दिवस दगड फोडून एक मोठं मालवाहू यान बांधलंस, त्याला पिवळा पट्टा मारलास आणि नाव ठेवलंस 'वडाप'. मी हसलो, आणि हसल्यावर सुनंदा स्वयंपाकघरातून बघायला आली, कारण घरात तो आवाज बरेच दिवसांत झाला नव्हता. फुकट घेणार नाही म्हटल्यावर तू म्हणालास, "फुकट कुठं? पैरा हाय." पैऱ्याला आपल्याकडं कागद लागत नाही. आज मी तुझ्या रानात राबलो, उद्या तू माझ्या. फेडला नाही तर माणूस गावात मान वर करून चालत नाही. वडापमधून तुझं खनिज वाहून मी तो पैरा फेडत होतो, आणि खोटं कशाला बोलू, कामावर जाणाऱ्या माणसासारखा दुपारी जेवून ताठ बसायचो.

सगळ्यांत चांगलं खनिज नकाशात नसलेल्या जागांमध्ये. आपण त्यांना विहिरी म्हणायचो. आत जायला एकच तोंड. ते थोडा वेळ उघडं राहतं, मग मिटतं, आणि नवं तोंड भलत्याच ठिकाणी उघडतं. आतल्या माणसाला ते दिसत नाही. बाहेर कुणीतरी यंत्रं लावून ते शोधायचं आणि आतल्याला हाक मारायची, या इकडून. तुझं दुसरं पात्र हेच काम करायचं. त्याचं नाव टेहळ्या. खेळ प्रत्येकाला दोन पात्रं देतो, एक लॅपटॉपवर तर दुसरं मोबाइलवर, अशी दोन्ही एकदम चालवता येतात. दुसऱ्याचा धंदा मात्र एकदाच ठरवायचा, तो पुढं बदलत नाही. माझ्या दुसऱ्याची जागा रिकामी होती.

"दाजी, टेहळ्याच करा. सवताचा."

"तुझा हाय की."

"हाय, पर मी बागेत असलो तर?"

"मग मी थांबन. मला कुठं जायाचंय? मी हमाल करणार. दोन खेपांचा माल एका खेपंत."

"आन् हिरीत अडकल्यावर हमाल काय करंल? डोक्यावर पाटी घिऊन शेजारी बसंल!"

हमाल नको तर व्यापारी करतो, म्हणालो. एखाद्या स्थानकात दुकान टाकून बसेल निवांत. त्यावर तू जे बोललास ते मला लागलं. "बसायचंच असंल तर दुसरा कशाला पायजे? पयला हाय की बसलेला." मी फोन आपटला. पुढं तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. मग तू सुनंदाच्या फोनवर फोन करून "दाजींना सांग, मी व्यापाऱ्याला राम राम घातलाय" असं म्हणालास आणि आपलं पुन्हा सुरू झालं. ये रे माझ्या मागल्या. टेहळ्या का हमाल, ते ठरलं नाही ते नाहीच.

शेवटच्या वेळी वडाप घेऊन मी आत गेलो आणि तोंड मिटलं. तू फोनवर पोट धरून हसलास. तुझ्या मागं कात्र्यांचा आवाज येत होता, बागेत छाटणी चालू होती. "पडला का हिरीत? बसा आता. एवढी छाटणी उरकली की काढतो."

तेव्हापासून वडाप तिथंच होतं. रोज दुपारी लॅपटॉप उघडायचो. एक मळकट लाल तारा, फुटलेले दगड, आणि यानाचा घुं असा एकसुरी आवाज. यान इकडं नेलं तरी तेच, तिकडं नेलं तरी तेच. डोळे वर केले तर खिडकी, खिडकीत स्टँडचे हॉर्न. दोन ठिकाणी एकदम अडकायची सोयही तूच करून गेलास.

खेळातल्या आपल्या गटातल्या लोकांनी उपाय सुचवले. एक म्हणाला, यान फोडून टाक, घरच्या स्थानकात आपोआप जागा होशील. तू बांधलेलं यान मी माझ्या हातानं फोडायचं? दुसरा म्हणाला, त्याचं खातं उघड आणि टेहळ्या चालव. तुझ्या खात्यात शिरायचं कसं ते तू मला सांगून ठेवलं होतंस. पण शिरलो की तुझ्या नावापुढं हिरवा दिवा लागणार, आणि गटात कुणीतरी, ज्याला अजून कळलेलं नाही असा, "काय बागायतदार, कुठं हुता?" म्हणणार. तो दिवा मी लावणार नाही. तिसरा उपाय तुझाच, स्वतःचा टेहळ्या. सगळ्यांत सोपा, आणि तोच जमेना. धंदा निवडायचं पान उघडायचो, टेहळ्यावर बोट न्यायचो आणि पान बंद करायचो. तुझ्या जागेवर दुसरं माणूस नेमायचं म्हणजे तू येणार नाहीस हे कबूल करायचं. मी करत नव्हतो.

दहावा करून तुझी आक्का परत आली. सोबत कुणी नव्हतं, एसटीनं एकटीच आली. हातपाय धुतले, शिलाई मशीनवरचं कापड काढून झटकलं, पुन्हा घातलं, आणि माझ्या शेजारी खाटेवर बसली. पडद्याकडं बघत म्हणाली, "अजून आतच हाय व्हय?"

"तुला कसं ठावं?"

"मला म्हणाला हुता. दाजी हिरीत पडल्यात म्हणून. लय हसत हुता." मग पडद्याला बोट लावून, "आता कोण काढणार?"

मी तिला तिन्ही उपाय सांगितले आणि तिन्ही का होत नाहीत तेही सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. सुनंदा शांतपणे ऐकते तेव्हा पुढं काहीतरी येणार असतं.

"वरीसभर दोघं भांडत बसला. हमाल का टेहळ्या, टेहळ्या का हमाल. फोनवर निस्ता दंगा. घरात आनी एक माणूस हाय, ते दिसलं न्हाई दोघांस्नी?"

"तू? तुला काय जमतंय त्यातलं?"

"तुमाला जीप तरी कुठं जमत हुती?" असं म्हणाली, आणि लगेच तिला रडू फुटलं, कारण तो टोला तुझा होता. डोळे पुसून हात पुढं केला. "आणा हिकडं मोबाइल. माझ्या भावाचं काम ऱ्हायलंय, मी करती."

तर अनिल, दुसरं पात्र मी तुझ्या आक्काला दिलं. टेहळ्यावर बोट तिनंच ठेवलं. नाव काय द्यायचं विचारल्यावर क्षणभरही थांबली नाही. सासरी आल्यापासून आमच्या आळीतल्या बायका तिला ज्या नावानं हाक मारतात, तेच तिनं दिलं, कुंडलकरीण.

पुढचे दिवस तू बघायला हवे होतेस. कुंडलकरीण एका बारक्या यानात बसून अवकाशभर फिरत होती आणि इकडं भाकरी करपत होती. एकदा भलत्याच विहिरीत शिरली. एकदा लुटारूंनी घेरलं, तर ही मोबाइलवर ओरडतेय, "आवं थांबा की! बाईमाणसावर काय गोळ्या घालताय?" त्यांनी उडवली. ती घरच्या स्थानकात जागी झाली, दात-ओठ खाल्ले, नवं यान घेतलं आणि परत निघाली. यंत्रांची वर्तुळं नकाशावर एकमेकांवर आणून बसवायची असतात, नेम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. ती चुकायची, शिव्या घालायची, पुन्हा मांडायची. ब्लाउज घेऊन जायला आलेल्या बायका दारात ताटकळायच्या. "कुंडलकरीण, काय चाललंय?" तर म्हणायची, "मालक हिरीत पडल्यात, काढतीया." त्या बायका माझ्याकडं बघायच्या. मी खाटेवर.

आणि एका दुपारी स्वयंपाकघरातून तिची हाक आली, "घावलं! या."

माझ्या पडद्यावर तिनं धाडलेली खूण लुकलुकत होती. नुसतं यान तिकडं वळवायचं होतं. मी वळवलं नाही. हात बटणावर होता आणि दाबवेना. तेव्हा मला माझंच कळलं. मला बाहेर यायचंच नव्हतं. मी आत होतो तोपर्यंत तुझं एक काम बाकी होतं. काम बाकी ठेवून तू कधी जात नसतोस.

"आवं, तोंड मिटतंय! झोपला का?"

"येतो."

"येतो म्हणू नका, या."

मी आलो. बाहेर लख्ख पांढरा तारा होता, आणि वडापच्या नाकाशी ते एवढंसं यान उभं होतं. सुनंदा मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली. दोन्ही पडद्यांवर तेच दृश्य, फक्त एकमेकांच्या बाजूनं. तिनं बराच वेळ ते बघितलं. मला वाटलं, आता उठून भाकरी टाकायला जाईल.

"पैरा झाला," ती म्हणाली. "आता तुमी फेडायचा."

"काय करू?"

"आई एकटी हाय तिकडं. मला कुंडलला घिऊन चला."

"तू जा की. मी कसा..."

"मी तुमच्याबिगर जाऊन आली, मातीला बी आन् दहाव्याला बी. तवा काय बोलली न्हाई. आता पैरा हाय. फेडणार असला तर बोला, न्हाईतर तसं सांगा."

नाही कसं म्हणणार? तुझ्या घरची माणसं पैऱ्यात पकडतात, तू तसाच आणि तीही तशीच. सकाळी स्टँडवर गेलो. एसटी लागली. सुनंदानं मला दाराजवळच्या सीटवर बसवलं, काच पूर्ण खाली केली. गाडी हलली आणि दार लागलं. मसूरच्या अलीकडं मी ओरडलो. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी थांबली, मी उतरलो. माझ्या मागं सुनंदाही उतरली, पिशवी घेऊन. ती रागावली नाही. बाभळीखाली बसलो. तिनं पाणी दिलं. पुढची एसटी आली तशी तिनं हात केला.

त्या गाडीतूनही उतरलो. मग पुढच्या गाडीतूनही. प्रत्येक वेळी ती माझ्या मागं उतरायची. एका कंडक्टरनं विचारलं, "काका, नक्की जायाचं कुठं?" ती म्हणाली, "जिथवर बसत्यात तिथवर तिकीट द्या." कराडला भाकरी खाल्ली. ताकारीच्या बाजूला एका थांब्यावर मी तिला म्हणालो, माघारी जाऊ. ती म्हणाली, "माघारी जायाला बी गाडीतच बसाय लागतंय." हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी इतका हसलो की शेजारचा म्हातारा सरकून बसला. पुढची गाडी आली आणि ती शेवटची ठरली. घामानं सदरा भिजला होता, समोरच्या सीटचा दांडा धरून धरून हात बधिर झाले होते, पण मी बसून राहिलो.

दिवस कलायच्या बेतात कुंडलात उतरलो. तुझी आई सोप्यात बसली होती. मला बघून उठली नाही.

"आता आलासा व्हय?" म्हणाली. "माझं लेकरू गेलं तवा कुठं हुता?"

सुनंदा मधे पडायला लागली. मी तिला थांबवलं. सासूबाई बोलत राहिल्या, मी उभा राहून ऐकत राहिलो. इतके दिवस हे बोलणं मी रहिमतपुरात एकटाच ऐकत होतो. खरं ऐकल्यावर ते सोसलं. बोलून दमल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि विचारलं, "जेवला का?"

मग मी तुझ्या खोलीत गेलो. तुझी खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. खाट होती तिथली जमीन शेणानं सारवलेली, वाळलेली, तिथं कुणाचंही पाऊल नाही. खुंटीवर तुझा एकही सदरा नव्हता.

रहिमतपुरात तू मेला नव्हतास, अनिल. तिथं तू बागेत होतास, कामात होतास, फोन उचलत नव्हतास. मला गाडीची भीती होती, हे खरं. पण सगळी भीती गाडीचीच नव्हती, हे मला त्या उभ्या खाटेसमोर समजलं. सगळ्यांसाठी तू कधीच गेला होतास. माझ्यासाठी तू आज गेलास, आत्ता, दिवस मावळताना.